गाव घरी असताना ग्रामसभा घ्या की

आमच्याकडं समुद्र नाही. बीडच्या माणसाला समुद्र म्हणजे पैठणचा नाथसागर, तोही भरला तर, आणि वरच्यांनी पाणी सोडलं तर, ते भांडण वेगळं आहे ते आज नको. पण माझी आठ वर्षं खऱ्या समुद्राच्या कडंला गेली. २०१० च्या सीईटीतून शिक्षणसेवक म्हणून नंबर लागला आणि गुहागर तालुक्यातल्या एका गावात ऑर्डर निघाली. अंबाजोगाईवरून पंढरपूर, कराड, कुंभार्ली घाट, चिपळूण, आणि मग पुढची एसटी, असं पहिल्यांदा पोचलो तेव्हा कपड्यावर घडी राहिली नव्हती आणि शाळेच्या ओट्यावरून समोर सगळं निळंच. पोरं मला हसायची, कारण ओहोटीला पाणी मागं गेलं की मी दर वेळी बाहेर येऊन बघायचो.

नोकरीत आहे म्हणून गावांची नावं घेत नाही, तिकडच्याचंही नाही आणि इकडच्याचंही नाही. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय. आपली ग्रामसभा अशा तारखांना भरते जेव्हा गाव गावात नसतं. समुद्राच्या गावात हे पहिल्यांदा दिसलं, आणि बदली होऊन घरी आलो तर इथंही तेच, फक्त तिकडं माणसं पाण्यात गेलेली असायची आणि इकडं उसात.

तिकडची माझी पहिली ग्रामसभा २ ऑक्टोबरची. गांधीजींच्या फोटोला हार घालून झाला, शाळेच्या वर्गातच सतरंजी टाकलेली, ग्रामसेवक वही उघडून बसलेले. मी मोजले. दोघं शिक्षक, अंगणवाडीच्या दोन ताई, आशाताई, तलाठी, नर्सबाई, कृषी सहायक, म्हणजे सरकारी माणसं ग्रामसेवक धरून नऊ आणि गाव सहा. त्यातले दोघं म्हातारे, एकाला ऐकू येत नव्हतं. ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब’ एवढं वहीत लिहून आम्ही चहा प्यायलो. मी नवीन, मला वाटलं आता परत सगळ्यांना बोलावतील. तर परत जी झाली तिला पाच माणसं होती आणि त्या पाच माणसांत अख्ख्या गावाचे ठराव मंजूर झाले.

हे बेकायदेशीर नाही बरं का. आपला ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा, त्यात ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातलं जे कमी असेल ते. तेवढी माणसं आली नाहीत तर सभा तहकूब करायची, आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अट नाही. कायदा करणाऱ्यांनी ही सोय कामं अडू नयेत म्हणून ठेवली असणार, पण तिचा उपयोग असा होतो की पहिली सभा तहकूब होण्यासाठीच घ्यायची. लोक यायचेच नाहीत हे धरून चाललेलं असतं.

लोक कुठं होते? मी शेजारच्या दादाला विचारलं, त्याची स्वतःची होडी. तो म्हणाला, “गुरुजी, बोटी भायेर हायत, सभा काय घेऊन बसलाय.” तिकडं १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, यांत्रिक बोटीला समुद्रात जायलाच मनाई. म्हणजे वर्षातले एकसष्ट दिवस गडीमाणूस घरात. जाळी शिवायची, बोट उलटी करून डागडुजी करायची, रंग द्यायचा. १ ऑगस्टला समुद्र खुला झाला की मग जे जातात ते जातातच, पुढचे तीन चार महिने कमाईचे. आता आपल्या ग्रामसभेच्या रूढ तारखा बघा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. यातली एक तरी जून-जुलैत पडते का? नाही. म्हणजे ज्या दोन महिन्यांत किनाऱ्यावरचा मच्छीमार हमखास घरी असतो तेवढे दोन महिने सोडून बाकी वर्षभर आपण त्याला सभेला बोलावतो, आणि तो येत नाही म्हणून वर त्यालाच म्हणतो, लोकांना गावाची आस्था नाही.

आणि दुसरं म्हणजे मुंबईकर. अर्धी घरं कुलूपबंद, पण गणपतीला बघा, अंगणात चपला ठेवायला जागा नसते, रेल्वे भरून, एसटी भरून, गाड्या करून लोक येतात. यातल्या बऱ्याच जणांचं मत मुंबईत, गावच्या यादीत नाव नाही, आणि ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीतली माणसं, त्यामुळं कायद्याने हे लोक ग्रामसभेत कुणीच नाहीत. पण गाव चालतं यांच्या शब्दावर. मुंबईला मंडळ, मंडळाची वर्गणी, त्या वर्गणीतून पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, बांधली, देवळाचं छप्पर केलं, वाडीची विहीर साफ केली. गणपतीत एका संध्याकाळी सहाणेवर गावकीची बैठक बसायची. सहाण म्हणजे देवाची पालखी टेकवायची जागा, दगडी चौथरा. त्या बैठकीला मी दोन तीनदा मागं उभा राहून ऐकलंय. काय भांडायची माणसं! एका वर्षी विषय होता होड्या वर ओढायच्या जागेचा. पावसाआधी होडी वाळूवरून वर घ्यायची तर खाली ओंडके टाकून पंधरावीस जणांनी ओढावी लागते, गावात तेवढे तरणे उरले नाहीत, तर तिथं उतरता सिमेंटचा रॅम्प हवा, असं खालच्या वाडीचं म्हणणं. पंचायतीनं त्याच वर्षी देवळाकडं जाणाऱ्या रस्त्याला पेव्हर ब्लॉक बसवलेले. एक म्हातारा उठला आणि सरपंचाला म्हणाला, तू पेव्हर बसवलेस, आता त्याच्यावर होडी ओढून दाखव. सगळी सहाण हसली. सरपंचही हसला, पण मग त्याला उत्तर द्यावं लागलं, दीड तास द्यावं लागलं. किनाऱ्यावर काही बांधायचं तर पंचायतीच्या एकटीच्या हातात काही नसतं, भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे निर्बंध, लागतो, जेट्टीबिट्टीचं म्हटलं की मेरिटाइम बोर्ड, मत्स्यव्यवसाय खातं, हे त्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं, आणि शेवटी अर्ज कुणी करायचा, मुंबईतून पाठपुरावा कुणी करायचा हे ठरलं. ग्रामसभेच्या वहीत या सगळ्याचं एक अक्षर नाही.

मी गावकीची आरती ओवाळत नाहीये. त्या सहाणेवर एक बाई बसलेली मी पाहिली नाही. बौद्धवाडीतलं कुणी पुढं येऊन बोललेलं पाहिलं नाही. गावकीनं ठरवलं तर एखाद्या घराला वाळीत टाकतात, त्याच्या मयताला कुणी जात नाही, आणि हे इतकं होतं की सरकारला त्याच्यासाठी सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा वेगळा कायदा करावा लागला. म्हणून तर मला ग्रामसभा हवी आहे, गावकी नको. ग्रामसभेत बाईला जागा आहे, प्रत्येक सभेच्या आधी महिला सभा घ्यायची असं कायद्यात लिहिलंय, पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. नियम सगळे चांगले आहेत हो. फक्त चांगले नियम असलेल्या सभेला माणसं नाहीत आणि माणसं असलेल्या सभेला नियम नाहीत. का, तर गावकीला माहितीये गाव कधी घरी असतं, आणि ग्रामसभेला ते माहीत नाही.

२०१८ ला आंतरजिल्हा बदली झाली, आलो आपल्या मुलखात. गाव माझं नाही पण तालुका शेजारचा. डोंगरपट्टा, कोरडवाहू, एक कापसाचं आणि एक सोयाबीनचं पीक, नोव्हेंबरनंतर करायला काही नाही. (तिकडं तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडून मे महिन्यात टँकर, इकडं सातशेच्या आत पाऊस आणि एप्रिलात टँकर, टँकर मात्र दोन्हीकडं सारखाच.) दसरा झाला की ऊसतोडीला न्यायला गावात ट्रक आणि ट्रॅक्टर लागतात. भांडी, गोधड्या, शेळी, कोंबड्या, लहान लेकरू, सगळं वर. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायची. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, खाली कर्नाटक. जातात ते गाळप संपल्यावर मार्च-एप्रिलला येतात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि माझ्या वर्गातली लेकरं.

इथली पहिली ग्रामसभा २६ जानेवारीची. मला आता मोजायची सवय लागलेली. वस्तीवरचं एक माणूस नाही, तांड्यावरचं एक नाही. झेंडावंदनाला जी लेकरं होती त्यांचे आजी-आजोबा तेवढे. त्याच्या आदल्या दिवशी महिला सभा, तिला बारा बाया, त्यातल्या नऊ साठीच्या पुढच्या. माझ्या चौथीतल्या एका पोरीची आजी अंगठा देऊन भिंतीला टेकून बसली होती. ग्रामसेवकानं रीतीप्रमाणं विचारलं, मावशी तुमच्या वस्तीला काय पाहिजे ते सांगा, लिहून घेतो. म्हातारी म्हणली, “मला नका इचारू बाबा, सुनंला इचारा. पाणी ती भरती. ती चैतात येती.”

ग्रामसेवक हसले, आम्हीही हसलो. पण त्या वाक्यात सगळं आलंय असं मला वाटतं, म्हणजे ज्या बाईला माहितीये की वस्तीवरून हापसा किती लांब आहे, रात्री प्रातर्विधीला कुठं जावं लागतं, लेकराला दवाखान्यात न्यायचं तर रस्त्यावर चिखल कुठं होतो, ती बाई त्या दिवशी तीनचारशे किलोमीटरवर कुणाच्या तरी फडात डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढत होती.

आता याच्यात आणखी एक गोम आहे, तिच्याकडं कुणी बघत नाही. गावचा वर्षाचा विकास आराखडा, ज्याला ‘आमचं गाव, आमचा विकास’ म्हणतात, त्याची मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होते आणि पुढचे काही महिने चालते. गावानं बसून ठरवायचं, पुढच्या वर्षी काय करायचं, मग ते ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवायचं. आराखड्यात नसलेलं काम नंतर घुसवणं अवघड. केंद्राकडून पंचायतींना येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) पैशात ८० टक्के ग्रामपंचायतीकडं, १० पंचायत समिती, १० जिल्हा परिषद असं होतं, आणि त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा. म्हणजे पैसा होता, त्यातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच होता, गाव ठरवू शकत होतं. आणि ते ठरवायचे महिने नेमके तेच ज्या महिन्यांत बीड जिल्ह्यातली वस्ती मोकळी होते. एखाद्यानं मुद्दाम ठरवून केलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं, आणि मुद्दाम कुणी केलेलं नाही हे मला माहितीये. दिल्लीला बसून कॅलेंडर करणाऱ्याला गांधी जयंती चांगला दिवस वाटला, इतकंच.

मग आराखड्यात काय येतं? जे गावात आहेत त्यांच्या दारासमोरचं. बाजारपेठेतली गटार, पाराजवळचे पेव्हर ब्लॉक (हे पेव्हर ब्लॉक कोकणातून माझ्या मागं मागं आले की काय कळत नाही), आरओचं मशीन चावडीला. वस्तीवरची टाकी दर वर्षी “पुढच्या आराखड्यात घेऊ”. घरकुलाचं तर बोलूच नका, यादी ग्रामसभेपुढं येते, पाहणीला माणूस आला तर घराला कुलूप, माझ्या ओळखीच्या एका जोडप्याच्या नावापुढं ‘कुलूपबंद’ असा शेरा पडला आणि नाव गळालं. पत्र्याचं दहा बाय दहाचं घर, त्याला कुलूप होतं कारण माणूस पोटासाठी गेलेला. एप्रिलात आले तेव्हा मला विचारत होते, सर, कुलूप नसतं लावलं तर राहिलं असतं का नाव?

बरं, ही माणसं मिळत नाहीत असं नाही हं. ग्रामपंचायतीची निवडणूक लागू द्या. रात्रीतून गाड्या जातात, फडातून उचलून आणतात, जेवणाची सोय, मुकादमाशी बोलणं, एका दिवसाची मजुरी, सगळं होतं. कोण कुठल्या कारखान्याला आहे, कुठल्या टोळीत आहे, कुणाचा मोबाइल लागत नाही तर शेजारच्या कोप्यातल्या, म्हणजे फडावरच्या झोपडीतल्या, कुणाचा लागतो, पॅनलच्या पोरांकडं सगळी यादी तयार असते. मतासाठी कर्नाटकातून आणता येतं आणि सभेसाठी महालक्ष्म्यांच्या दिवसात, माणूस घरीच असताना, दोनशे पावलावरच्या वस्तीवर दवंडी देता येत नाही?

याच्यावर मला जी उत्तरं मिळतात ती पण सांगतो. एक, लोक गावात असले तरी येत नाहीत. खरंय, काही प्रमाणात खरंय, १५ ऑगस्टला आमच्याकडं कोयतेवाले घरी असतात आणि तरी गर्दी होत नाही. पण का यावं त्यांनी? त्या सभेत मागच्या कामाचं वाचन होतं, खर्चाला मंजुरी होते, पुढचं काही ठरत नाही, ठरतं ते ते गेल्यावर. एकदा दोनदा येऊन बघतात आणि मग शहाणे होतात. दोन, ऑनलाइन घ्या. पहाटे चारला फडात जाऊन संध्याकाळी गाडी भरून परत कोप्यावर आलेल्या माणसाला मोबाइलवर ग्रामसभा बघायला सांगणाऱ्यानं आधी एक दिवस मोळी उचलून यावं, मग बोलू.

तिसरं उत्तर जरा वजनाचं आहे. एका निवृत्त विस्तार अधिकाऱ्यांनी मला सांगितलं, की ठरलेल्या तारखा आहेत म्हणून तरी सभा होतात, तारीख सरपंचाच्या मर्जीवर सोडली तर तो घेणारच नाही, किंवा आपल्या माणसांना बघून घेईल. हे मला पटतं. वर्षात किमान चार सभा आणि त्या कारणाशिवाय घेतल्या नाहीत तर सरपंच अपात्र होऊ शकतो, ही तरतूद आहे ती राहू द्या, तिला हात लावू नका. मी म्हणतोय ते एवढंच की आराखड्याची सभा कधी घ्यायची हे दिल्लीच्या मोहिमेनं न ठरवता जिल्ह्यानं, नाहीतर निदान तालुक्यानं ठरवावं, तिथलं गाव कधी घरी असतं ते बघून, आणि एकदा ठरवलं की ती तारीख बाकीच्या चारांसारखीच पक्की. आमच्या डोंगरपट्ट्यात पोळा ते घटस्थापना. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या मच्छीमार गावात जुलै, जाळी शिवायच्या दिवसात. मुंबईकरांच्या वाड्यांत गणपतीत घ्या, त्यांना मत नसेल, बसून ऐकायला आणि बोलायला काय हरकत आहे, निदान वर्गणी आणि पंचायतीचा पैसा एकाच रस्त्यावर दोनदा पडणार नाही. दुष्काळी भागाचे, किनाऱ्याचे, धरणाच्या फुगवट्याचे प्रत्येकाचे महिने वेगळे आहेत आणि ते तिथल्या शेंबड्या पोराला पण माहिती असतात.

आणि खरं सांगायचं तर याला नवीन कायदा लागतच नाही. सरपंचाला स्वतःहून कधीही ग्रामसभा बोलावता येते. हे मी आमच्या सरपंचांना सांगितलं तर ते म्हणले, “सर, सगळे आले तर भांडणं व्हतेत.” प्रामाणिक माणूस. सहाणेवरचा तो दीड तास मला आठवला, त्या सरपंचाच्या कपाळावरचा घाम आठवला. कुठल्या सरपंचाला तो हवा असणार.

तरी गेल्या भादव्यात, महालक्ष्म्या उठल्यावर चौथ्या दिवशी, सभा झाली. बायकांनीच रेटली, बचत गटाच्या. सात दिवस आधी नोटीस लागली, वस्तीवर आणि तांड्यावर दवंडी गेली, मारुतीच्या पारावर संध्याकाळी सहाला. मी मोजायचं सोडून दिलं, शंभराच्या वर होते. भांडणं झाली. एकानं पाच वर्षांपूर्वीच्या हापशाचा विषय काढला, दोघं अंगावर धावून गेले, एक बाई तिच्या दिराला सगळ्यांसमोर म्हणली तुम्ही गप बसा, पाणी मी भरते. वस्तीची टाकी पहिल्या नंबरला लिहिली, दुसरा नंबर तांड्याचा रस्ता, पेव्हर ब्लॉकचं नावच कुणी घेतलं नाही. रात्री साडेनऊपर्यंत मोबाइलच्या उजेडात सह्या आणि अंगठे चालले.

शेवटी ग्रामसेवक, म्हणजे आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, वही मिटत म्हणाले, हे सगळं ठीक आहे सर, पण आराखड्याची सभा २ ऑक्टोबरनंतरची दाखवावी लागेल, पोर्टलवर तीच तारीख घेतात. तेव्हा माझ्या चौथीत असलेल्या त्या पोरीची आई तिथंच उभी होती. दसऱ्यानंतर त्यांचा ट्रक होता. ती म्हणली, “मग आमचे अंगठे तवर चालतेत का, का तवा परत लागतेत?”

ग्रामसेवकांनी माझ्याकडं बघितलं, मी वहीकडं.